चार बोटं उंची आणि काचबिंदू : एका फ्रेंच शिकारी कुत्र्याचं प्रकरण

बिळातला ससा जिवाच्या आकांतानं पळतो, पण लांब जात नाही. काटेरी जाळीतून निघतो, एक वळसा घेतो, दुसऱ्या जाळीत शिरतो, थबकतो, कान टवकारतो आणि फिरून जवळजवळ निघाला तिथेच येतो. ज्या भागाची त्याला खडान्‌खडा माहिती आहे तो सोडून जायची त्याची तयारी नसते.

इथे एक घोळ सुरुवातीलाच निस्तरायला हवा. हा ससा म्हणजे युरोपातला, जमिनीत बिळं करून घोळक्यानं राहणारा रॅबिट. आपल्या माळरानावर दिसणारा, बिळं न करणारा, लांब टांगांचा तो हेअर. मराठीत दोघेही ‘ससा’च. पुढे मी पहिल्याला बिळातला ससा आणि दुसऱ्याला माळससा म्हणणार आहे, कारण या प्रकरणातली सगळी भानगड या दोघांच्या पळण्यातल्या फरकापासूनच सुरू होते.

माळससा मोठा फेर धरतो, मैलमैल तुडवतो. त्याच्यामागे जायचं तर कुत्र्याला पाय हवेत. बिळातल्या सशाचं उलट आहे. त्याच्यामागे वेगवान कुत्रं सोडलं तर तो घाबरून सरळ बिळात घुसतो आणि खेळ खलास. त्याच्यामागे हवं ते हळू, चिकाटीचं, काट्यांत बिनदिक्कत घुसणारं आणि सतत ओरडणारं कुत्रं. म्हणजे ससा घाईत नसतो, वाटेत थांबतो, वळसे घेतो. आणि पायवाटेवर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कुत्र्याच्या आवाजावरून कळत राहतं की आता तो कुठल्या जाळीत आहे. कुत्र्याचं आखूडपण बिळात शिरण्यासाठी असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. ते डॅक्सहुंडाचं काम. इथे आखूड पाय हे वेग कमी ठेवायचं साधन आहे, आणि जाळीच्या खालून सरपटत जायचं.

मराठी वाचकाला शिकारी कुत्रं म्हटलं की कारवान आठवतं. उंच, सडपातळ, नजरेनं सावज टिपून वाऱ्यासारखं सुटणारं. त्याचा नेमका उलटा नमुना म्हणजे या प्रकरणातलं हे फ्रेंच कुत्रं. त्याला सावज दिसावंही लागत नाही. नाक जमिनीला, शेपूट तलवारीसारखी वर, आणि तोंड अखंड चालू.

नाव आणि गाव

त्याचं नाव पेटी बासे ग्रिफाँ व्हाँदेअँ. आपल्याकडे पेटी म्हणजे वाजवायची, फ्रेंचमध्ये लहान. बासे म्हणजे ठेंगणा, जमिनीलगतचा. ग्रिफाँ म्हणजे राठ, विस्कटलेल्या केसांचा. व्हाँदेअँ म्हणजे व्हाँदेचा. व्हाँदे हा फ्रान्सच्या पश्चिमेचा, अटलांटिक किनाऱ्याचा मुलूख. शेतं लहान, आणि प्रत्येक शेताच्या बांधावर इतकी दाट, काटेरी जिवंत कुंपणं की करवंदीच्या जाळ्या बऱ्या. राठ केस तिथे हौसेसाठी नाहीत, ते चिलखत आहे.

व्हाँदेच्या या केसाळ कुत्र्यांच्या चार उंच्या आहेत: ग्राँ ग्रिफाँ, ब्रिके, ग्राँ बासे आणि पेटी बासे. मोठी कुत्री मोठ्या लोकांची, घोड्यावरून होणाऱ्या हरणा-डुकरांच्या शिकारीसाठी. ऑगस्ट 1789 मध्ये सरदारांचा शिकारीचा मक्ता क्रांतीनं काढून घेतला आणि पायी शिकार करणारा साधा माणूस रानात उतरला. घोडा नसलेल्या माणसाला त्याच्या चालीनं चालणारं कुत्रं लागतं. ठेंगण्या कुत्र्यांचे दिवस त्यानंतर भरभराटीचे आले, यात नवल नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काउंट डेल्व्हा नावाचे एक गृहस्थ सरळ पायांची बासे कुत्री निवडत होते. जातीला घडीव रूप दिलं ते मात्र पॉल देझामी यांनी. 1907 मध्ये व्हाँदेच्या ग्रिफाँ कुत्र्यांचा क्लब निघाला त्यातही तेच पुढे होते. माळसशाला गाठायचं तर ठरावीक उंची हवी हे ओळखून त्यांनी आपल्या कुत्र्याची उंची साधारण 43 सेंटीमीटरवर आणून ठेवली. तो ग्राँ बासे. पेटी मात्र बराच काळ ग्राँचा धाकटा भाऊ म्हणूनच वावरला. वर्णन एकच, फक्त मापाचा आकडा वेगळा. त्याचं स्वतंत्र वर्णन, म्हणजे ज्याला प्रमाणक म्हणतात ते, विसाव्या शतकाच्या मध्यावर देझामी घराण्यातल्याच आबेल देझामींनी लिहिलं. आज पेटीची उंची 34 ते 38 सेंटीमीटर धरली जाते आणि ग्राँची साधारण 39 ते 44.

इथे एक तपशील आहे, तो नीट लक्षात ठेवा. 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत पेटी आणि ग्राँ यांचा संकर चालत असे. एकाच वेतातली दोन पिल्लं मोठी झाल्यावर एक पेटी ठरायचं, एक ग्राँ. ठरवायची ती मोजपट्टी. मग 1975 मध्ये हा व्यवहार बंद झाला, आणि पेटीच्या घरात फक्त पेटीच यायला लागले. चार बोटांच्या उंचीवरून दोन घरांत भिंत उभी राहिली.

पेटीचं प्रमाणक लिहिलं जात होतं त्याच सुमाराला खुद्द सशाची दैना झाली होती, ती गोष्टही सांगण्यासारखी आहे. जून 1952 मध्ये पॉल आर्माँ-दलिय नावाच्या निवृत्त डॉक्टरांनी मेबुआ इथल्या आपल्या कुंपणबंद जमीनजुमल्यातले ससे आटोक्यात आणायला दोन सशांना मिक्झोमा विषाणू टोचून सोडलं. विषाणू भिंतीआड राहिला नाही. दोनेक वर्षांत फ्रान्समधल्या बिळातल्या सशांपैकी फार मोठा हिस्सा मेला, शेजारचे देशही सुटले नाहीत. डॉक्टरसाहेबांना कोर्टानं दंड केला आणि पुढे वनखात्याकडच्या मंडळींनी सुवर्णपदक दिलं, कारण रोपं खाणारे ससे कमी झाले होते! सशाच्या कुत्र्याला पुरेसा ससाच उरू नये अशी ती वर्षं. पेटी काही सशावरच अडून बसणारं कुत्रं नाही, माळससा आणि मोठं सावजही ते उठवतं. पण पुढच्या काळात ते परदेशी गेलं ते शिकारीचं कुत्रं म्हणून कमी आणि केसाळ, हसऱ्या चेहऱ्याचं घरगुती कुत्रं म्हणून जास्त. ब्रिटन-अमेरिकेत ते प्रदर्शनांत गाजलं. 2013 मध्ये क्रफ्ट्सचं आणि 2023 मध्ये वेस्टमिन्स्टरचं सर्वोच्च पारितोषिक याच जातीनं नेलं. रानात उंचीची परीक्षा ससा घेतो. रिंगणात ती परीक्षक घेतो.

दुखणं

आता मूळ प्रकरण. या जातीत काचबिंदू आढळत होता, आणि तो नेहमीचा नव्हता.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून बाहेर झिरपतो. नळ चालू आणि मोरी तुंबली तर जे होतं तेच डोळ्यात होतं: दाब वाढतो, मागची नस चेपली जाते, नजर जाते. कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा तो कोपराच जन्मतः बिघडलेला किंवा मिटलेला असतो, आणि एके दिवशी डोळा अचानक लाल, दुखरा, धुरकट होतो. मालक धावत दवाखान्यात जातो. पेटी बासेमध्ये कोपरा तपासला तर उघडा. जाळी वरवर शाबूत. तरी दाब हळूहळू चढत जातो, साधारण तिशीतल्या माणसाच्या वयाला, म्हणजे कुत्र्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून. सुरुवातीला दुखणं नाही, लाली नाही. पुढे डोळा ताणून मोठा होतो, डोळ्यातलं भिंग आपल्या जागेवरून सरकतं, आणि शेवटी दोन्ही डोळ्यांना अंधार.

भिंग सरकतं या लक्षणानं तर डॉक्टरांना काही काळ चकवलंच. टेरियर जातींमध्ये भिंग निखळणं हाच मूळ आजार असतो, काचबिंदू त्याच्या मागून येतो. इथे क्रम उलटा निघाला.

आणि मला या प्रकरणात सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते ती ही: नाकावर जगणाऱ्या कुत्र्याचे डोळे गेले तर कळणार कसे? कारवान आंधळं झालं तर त्याच दिवशी कळेल. पेटी बासे नाक खाली घालून घर, अंगण, बाग, सगळं पूर्वीसारखंच फिरतं. बशी सापडते, दार सापडतं, मालकाची चप्पल सापडते. जाळीत सोडलं तर माग काढतंच. शिवाय भुवयांचे केस डोळ्यांपुढे झुललेले. प्रमाणकात ते डोळे झाकणारे नसावेत असं असलं तरी. मालकाला पहिला संशय येतो तो घरातली खुर्ची हलवल्यावर, कुत्रं तिला धडकलं की. तोवर नस बरीच गेलेली असते आणि दाब उतरवणाऱ्या थेंबांनी गेलेली नजर परत येत नाही. असलेली काही काळ टिकते एवढंच. शेवटच्या टप्प्यात दुखरा डोळा काढून टाकणं हाच दयेचा उपाय ठरतो.

याचा पैदाशीवर होणारा परिणाम आणखी वाईट. चार वर्षांच्या मादीला आजार दिसला, तेव्हा तिची एक-दोन वेतं होऊन गेलेली असतात, पिल्लं घरोघर गेलेली असतात. दरवर्षी डोळ्यांचा दाब मोजा असा नियम कितीही कडक पाळला तरी तो साप गेल्यावर भुई धोपटण्याचाच प्रकार.

उलटलेलं पान

उत्तर 2015 मध्ये मिळालं, इंग्लंडमधल्या न्यूमार्केटजवळच्या अ‍ॅनिमल हेल्थ ट्रस्टच्या संशोधकांकडून. आजारी आणि निरोगी पेटी बासेंचे डीएनए ताडून पाहिले तेव्हा बोट तिसऱ्या गुणसूत्रावरच्या अ‍ॅडॅम्ट्स-17 या जनुकाकडे गेलं. नेहमीसारखी एखाद्या अक्षराची चूक तिथे नव्हती. गुणसूत्राचा जवळपास 50 लाख अक्षरांचा सलग तुकडा निघून उलटा चिकटला होता. पुस्तकाचा एक फर्मा बांधताना उलटा घातला जावा तसं. त्या तुकड्याची एक कड नेमकी या जनुकातून जात होती, त्यामुळे जनुकाचे दोन भाग झाले. मजकूर सगळा तिथेच, पण वाचता येत नाही. अक्षरं तपासणाऱ्या पद्धतीला अशी चूक सहज निसटते, कारण एकेक अक्षर बरोबरच असतं.

हे जनुक पेशींच्या भोवतालचं जाळं घडवण्याच्या कामी येतं. भिंगाला धरून ठेवणारे तंतू आणि द्रव झिरपवणारी जाळी, दोन्ही त्या सामानाचीच. म्हणून दाब वाढणं आणि भिंग सरकणं ही दोन लक्षणं एकाच घरातून निघतात. गंमत अशी की त्याच वर्षी बासे हाउंड आणि बासे फोव्ह द ब्रतान्य या आणखी दोन ठेंगण्या जातींमध्ये उघड्या कोपऱ्याचाच काचबिंदू याच जनुकातल्या, पण वेगवेगळ्या चुकांमुळे होतो हेही सिद्ध झालं. तीन फ्रेंच वंशाची ठेंगणी गंधशोधी कुत्री, एक जनुक, तीन स्वतंत्र अपघात. टेरियरमधलं भिंग निखळणं तर 2010 मध्येच याच जनुकाशी जोडलं गेलं होतं.

आजार सुप्त आहे. एक बिघडलेली प्रत असेल तर कुत्र्याची नजर जात नाही, दोन्ही बिघडलेल्या असतील तरच जाते. हे मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागू नये. मामाच्या मुलीशी लग्न ठरवताना ‘घरात कुणाला काही आहे का’ हे विचारायची पद्धत आपल्याकडे आहेच. आजी-आजोबांकडून एकच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी खाली आली की ती समोरासमोर येण्याची शक्यता वाढते. बंद दाराच्या कुत्र्याच्या जातीत सगळेच एकमेकांचे मामेभाऊ असतात.

मोजपट्टी पुन्हा येते

इथपर्यंत हे एक नीटनेटकं वैद्यकीय प्रकरण होतं: आजार, जनुक, चाचणी. खरी कलाटणी माणसांकडून आली.

2009 मध्ये सौदी अरेबियातल्या काही कुटुंबांमध्ये याच जनुकाची दोन्ही बाजूंनी बिघडलेली प्रत असलेले रुग्ण वर्णिले गेले होते. त्यांच्या डोळ्यांचं भिंग लहान आणि गोल, काचबिंदूचा धोका, आणि जोडीला ठेंगणी चण. डोळ्याचं जनुक उंचीतही हात घालतं. मग साहजिक प्रश्न पडतो: कुत्र्यांतही तसंच असेल तर?

त्याच ट्रस्टच्या संशोधकांनी 2019 मध्ये त्याचं उत्तर छापलं. त्यांनी दोन जाती घेतल्या, शार पेई आणि आपला पेटी बासे. दोघांनाही याच जनुकाचा काचबिंदू होतो. कुत्र्यांची खांद्यापर्यंतची उंची मोजली आणि ती डीएनएच्या निकालाशी लावून पाहिली. दोन्ही जातींत बिघडलेलं जनुक बाळगणारी कुत्री सरासरीनं बुटकी निघाली. संशोधकांचा निष्कर्ष सावध आहे: बुटक्या कुत्र्यांची निवड करत गेल्यामुळे काचबिंदूचं प्रमाण वाढायला हातभार लागला असू शकेल.

‘असू शकेल’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. कारण दुसरी शक्यताही तितकीच सरळ आहे: एखाद्या देशात ही जात मूठभर आणलेल्या कुत्र्यांपासून वाढली, त्यातल्या एकाकडे उलटं पान होतं, आणि तो नर लोकप्रिय ठरला. एवढ्यानंही आजार पसरतो, त्याला उंचीची गरज नाही. शिवाय पेटी बासेचे आखूड पाय मुळात या जनुकाचे नव्हेतच. ते दुसऱ्याच एका जनुकाची जादा प्रत शिरल्यामुळे आहेत; एफजीएफ-4 नावाचं ते जनुक 2009 मध्ये डॅक्सहुंड, कॉर्गी, बासे अशा सगळ्या आखूड पायांच्या जातींत सापडलं. ती प्रत पेटीकडेही आहे आणि ग्राँकडेही.

पण म्हणूनच मला उंचीचा मुद्दा जास्त पटतो. ज्या कळपात सगळेच ठेंगणे आहेत तिथे आणखी बोटभर कमी करणारं काहीही उठून दिसतं. 1975 पूर्वीचं ते वेत आठवा. एकाच आईची पिल्लं, मोजपट्टी लावलेली. ज्याच्याकडे उलटं पान आहे ते भावंडांपेक्षा थोडं बुटकं. ते ‘पेटी’ ठरलं आणि पेटीच्या घरात गेलं; उंच भावंड ग्राँच्या घरात. मोजपट्टी धरणाऱ्याला सशासाठी योग्य कुत्रं हवं होतं आणि ते त्यानं बरोबर निवडलं. पुढे रिंगणात 37-38 सेंटीमीटरच्या कुत्र्यावर ‘जरा ग्राँकडे झुकतोय’ असा शेरा बसला की पैदासकार 35च्या नराकडे वळणार. यात कुणी दुष्ट नाही, कुणी आळशीही नाही. आंधळेपणा कुणी निवडला नाही. तो मापाला चिकटून आला.

या ऐतिहासिक मांडणीचा थेट पुरावा द्यायचा तर पन्नास वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांचा डीएनए लागेल. तेव्हा तिला माझा अंदाज समजा. उंची आणि जनुक यांचं नातं मात्र अंदाज नाही, ते मोजलेलं आहे.

चाचणी आल्यावर काय करायचं

2015पासून चाचणी आहे. गालाच्या आतून कापूस फिरवायचा, पाकीट पाठवायचं, निकाल तीनपैकी एक: मुक्त (दोन्ही प्रती चांगल्या), वाहक (एक बिघडलेली), किंवा बाधित (दोन्ही बिघडलेल्या). (चाचणी शोधणारा ट्रस्ट स्वतः 2020 मध्ये पैशांअभावी बंद पडला, जनुकांचं काम केंब्रिज विद्यापीठात गेलं. चांगल्या संस्था अशा जातात, हे आपल्याला नवीन नाही.) पिल्लू दोन महिन्यांचं असतानाच कळतं की चौथ्या वर्षी काय होणार. पहिल्या वेताआधी मादीचा निकाल हातात असतो. सापाच्या आधी काठी.

पण निकाल हातात आल्यावर माणसाचा पहिला विचार चुकीचा असतो. वाहकांना सरसकट पैदाशीतून काढा, जात शुद्ध करा. हिशोब करून पाहू. समजा एखाद्या कळपात 25 पैकी 1 कुत्रं बाधित आहे. मग गणितानं सुमारे 8 वाहक निघतात. एक आजारी कुत्रं टाळण्यासाठी 9 कुत्री, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त कळप, पैदाशीतून बाद! आधीच बंद दाराच्या, छोट्या जातीत असं केलं की उरलेले सगळे एकमेकांच्या आणखी जवळचे होतात आणि दुसरं कुठलंतरी उलटलेलं पान समोरासमोर येतं. त्याची चाचणी अजून कुणाकडे नसते.

गरज एकाच नियमाची आहे: जोडीतलं एक तरी मुक्त हवं. वाहक मादी आणि मुक्त नर यांच्या वेतात सरासरीनं निम्मी पिल्लं मुक्त, निम्मी वाहक, आणि आंधळं एकही नाही. दोन वाहक एकत्र आले तरच चारातलं एक बाधित होण्याचा धोका. म्हणजे वाहक हा दोषी नाही, त्याला फक्त जोडीदार बघून द्यायचा. ब्रिटनच्या केनेल क्लबात चाचणीचे निकाल कुत्र्याच्या नावापुढे उघड नोंदले जातात, त्यामुळे ‘घरात काही आहे का’ हे विचारायला मध्यस्थ लागत नाही.

उंचीच्या निष्कर्षानं मात्र या सोप्या नियमात एक खाच पाडली आहे, आणि तिच्याबद्दल पैदासकारांनी बोलायला हवं. वेतातली मुक्त पिल्लं सरासरीनं किंचित उंच निघणार. समजा एखाद्याकडे वाहक मादी आहे. रानातलं तिचं काम उत्तम: सशाचा माग हरवला की वेडीवाकडी धावत नाही, हरवल्या जागी परतून पुन्हा नाक लावते. मुक्त नराकडून तिला दोन माद्या झाल्या. एक 35 सेंटीमीटरची, देखणी, वाहक. दुसरी 38ची, मुक्त, आईचंच नाक घेऊन आलेली. प्रमाणकात दोघी बसतात, 38 ही मर्यादेच्या आतच आहे, वर एका सेंटीमीटरची सवलतही. रिंगणात मात्र पहिली जिंकण्याचीच शक्यता जास्त, आणि जिंकलेल्या मादीची पिल्लं आधी विकली जातात.

मी असतो तर 38ची ठेवली असती. बुटकीलाही कळपातून काढलं नसतं, मुक्त नर बघून तिचंही एक वेत घेतलं असतं. आणि परीक्षकाला एवढंच विचारलं असतं की व्हाँदेच्या जाळीत घुसलेल्या सशाला या तीन सेंटीमीटरांचा फरक कधी कळला होता का.